झांझिबारची सिती, मुंबईची तबकडी

यवतमाळात राहून झांझिबारवर लेख का लिहावा, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला होता. त्याचे उत्तर एका सीडीपासून सुरू होते. दार-ए-सलामला नोकरीनिमित्त काही वर्षे काढून आलेल्या एका मित्राने ती मला आणून दिली. बी किदुदे नावाच्या गायिकेचा तो ‘झांझिबार’ हा अल्बम १९९८ साली ‘रेट्रोआफ्रिक’ कंपनीने काढला होता. मुखपृष्ठावर सुरकुतलेल्या चेहऱ्याची एक म्हातारी. आवाज जाड, मध्येच फाटणारा, पण सुराला पक्का. आमच्याकडे पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांचे आवाज असे असत. घास टाकताना आवाज थोडा खाली यायचा आणि जाते गरगरले की पुन्हा वर चढायचा.

बी किदुदेला २००५ साली ‘वोमेक्स’ हा जागतिक संगीताचा पुरस्कार मिळाला आणि १७ एप्रिल २०१३ रोजी ती वारली. नक्की वय कुणालाच ठाऊक नव्हते. शंभरीच्या आसपास असावी असे लोक म्हणत. ती नारळ विकणाऱ्याची मुलगी. मुली वयात आल्यावर होणाऱ्या विधींत ढोल वाजवणारी, बिडी-सिगारेट बिनदिक्कत ओढणारी. गाणे कुठून शिकलीस असे विचारले की ती एकच नाव सांगे: सिती बिंती साद. मित्राने सीडी हातात देताना सहज म्हटले, “ही जिच्याकडून शिकली ना, ती बाई आपल्या मुंबईत रेकॉर्डिंगला आली होती.”

त्या एका वाक्यामागे मी पुढची काही वर्षे घालवली. स्वाहिली मला येत नाही. लॉरा फेअर यांचा ‘पास्टाइम्स अँड पॉलिटिक्स’ (२००१) हा ग्रंथ आणि जॅनेट टॉप फार्जन यांचे झांझिबारच्या संगीतावरचे लेखन यांच्या आधारावर मी उभा आहे. पण या बाईकडे मी वऱ्हाडातून पाहतो, आणि इथून पाहताना मला काही वेगळे दिसले. ते सांगण्यासाठी हा लेख.

सितीचा जन्म १८८० च्या सुमाराचा. झांझिबार बेटाच्या दक्षिणेकडचे फुंबा हे तिचे गाव. आईबाप दोघेही मुख्य भूमीवरच्या जमातींचे, गुलामीत आलेले. मुलीचे नाव त्यांनी ठेवले म्तुम्वा. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘गुलाम’. झांझिबारात गुलामी कायद्याने संपली ती १८९७ साली, म्हणजे ही मुलगी वयात आल्यावर. घरचा धंदा मडक्यांचा. गावाकडून शहरापर्यंत ती मडकी विकत फिरायची आणि गिऱ्हाईक यावे म्हणून गात जायची. लांबून आवाज ऐकूनच बाया ओळखत की मडकेवाली आली. आपल्याकडे कल्हईवाल्याची, बांगड्यावाल्या कासाराची हाळी अशीच ओळखीची असे.

१९११ साली ती शहरात राहायला आली. झांझिबार शहराचे तेव्हा दोन भाग होते. एक दगडी वाड्यांचा, समुद्राकडचा; तिथे अरब जमीनदार, भारतीय व्यापारी आणि इंग्रज अधिकारी राहत. खाडीपलीकडच्या भागाला म्हणत न्गांबो, म्हणजे ‘पलीकडची बाजू’. मातीच्या भिंती आणि झावळ्यांची छपरे असलेल्या तिथल्या घरांत गुलामीतून सुटलेली माणसे राहत. सिती न्गांबोतली. तिथेच तिला एका संगीत मंडळीतल्या वादकाने गाण्याचे धडे दिले. ही मंडळी १९०५ साली स्थापन झालेली ‘नादी इख्वान सफा’. ती आजही चालू आहे. सितीने कुराणपठणाचीही तालीम घेतली. शब्दोच्चार सुधारले तसे तिला मोठ्या घरांतून बोलावणे येऊ लागले. ‘सिती’ म्हणजे ‘बाईसाहेब’. हे नाव तिला एका अरब आश्रयदात्याने दिले. म्तुम्वाची सिती झाली.

ती गायची त्या प्रकाराला ताराब म्हणतात. झांझिबारात तो रुजवण्याचे श्रेय सुलतान बरगश याला देतात. आपल्याला लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की गादीसाठी भावाविरुद्ध केलेले बंड फसल्यावर हा बरगश १८५९ नंतर मुंबईत हद्दपारीत होता. पुढे १८७० साली तो सुलतान झाला आणि कानून हे तंतुवाद्य शिकून यायला त्याने एका माणसाला कैरोला धाडले, अशी परंपरा आहे. राजवाड्यातले ताराब अरबी भाषेत गायले जाई. ऐकणाऱ्या दरबारातल्याही अनेकांना ते पूर्ण कळत नसे, मग बाहेरच्यांची गोष्टच नको. सितीने ते स्वाहिलीत आणले. ऊद, व्हायोलिन आणि डफ यांच्या साथीवर ती बाजारातल्या माणसाच्या भाषेत गाऊ लागली.

राजवाड्यात गाऊन आल्यावर तिची खरी मैफल न्गांबोतल्या घरी बसे. शेजारपाजारचे लोक जमत, दिवसभरात काय घडले ते सांगत आणि त्यातून गाणे तयार होई. कुणी कचेरीत लाच खाल्ली, कुणाचा नवरा दुसरीकडे गेला, कोर्टात कोणता निकाल लागला, हे सारे गाण्यात येई. साथीदारही पदे रचण्यात भाग घेत. अडाणी गरिबांना फसवून पैसे खाणाऱ्या आणि शेवटी तुरुंगात गेलेल्या एका कारकुनावर तिचे गाणे होते. आपल्याकडे शाहिराने पोवाड्यात ताजी घटना बांधावी, किंवा खडी गंमतीत गावच्या पाटलाचे नाव न घेता सारे गाव हसवावे, त्याच जातीचे हे काम. फरक एवढाच की सिती नाव घ्यायची.

वऱ्हाडच्या माणसाला या कथेत एक आपली वस्तूही भेटते. झांझिबारातल्या गुलामांच्या अंगावर ‘काणिकी’ नावाचे जाडेभरडे, निळीत रंगवलेले सुती कापड असे. दुसरे कापड होते ‘मेरिकानी’. अमेरिकेतून येणारे म्हणून हे नाव. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस आणि कापड दोन्ही अडले. त्याच युद्धाने वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आणला, हे आपण शाळेत शिकलो. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, कापूस मुंबईला जाऊ लागला. पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कापडाने पूर्व आफ्रिकेच्या बाजारात मेरिकानीची जागा घेतली. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नावही यवतमाळ नव्हते. १९०५ पर्यंत तो वणी जिल्हा होता. इथली कोणती गाठ कोणत्या गिरणीत आणि तिथून कुणाच्या अंगावर गेली, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि मीही सांगत नाही. पण न्गांबोतल्या बायका नेसत त्या कापडाची वाट आमच्या शेतांवरून गेली होती, एवढे म्हणायला हरकत नसावी. सिती प्रसिद्ध झाल्यावर तिच्या प्रतिस्पर्धी गायिका तिला टोमणे मारत, ते याच काणिकीवरून. काणिकी नेसून गावाकडून आलेली बाई, गळा नसता तर हिला कुणी विचारले असते, असा त्यांचा सूर. त्याला सितीने गाण्यातूनच उत्तर दिले आणि रूपापेक्षा अक्कल मोठी असे सुनावले, असे सांगतात.

आता मुंबईकडे येतो.

मार्च १९२८ मध्ये सिती आणि तिचे साथीदार ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी ध्वनिमुद्रण करायला मुंबईत आले. पूर्व आफ्रिकेतून स्वाहिलीत व्यापारी ध्वनिमुद्रण करणारी ही पहिली मोठी गायिका. ग्रामोफोन कंपनीची मुंबईत यंत्रणा होती. झांझिबारात भारतीय व्यापाऱ्यांची दुकाने होती, तबकड्या विकायला तयार माणसे होती. सगळा हिशेब बाजाराचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फोनो विकायचा तर तिथल्या भाषेतली गाणी हवीत, हे कंपनीने ओळखले होते. हेच गणित तिने २६ वर्षांपूर्वी भारतात मांडले होते. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गोहरजानचा आवाज मेणावर उतरला. गाणे संपल्यावर गोहरजान इंग्रजीत आपले नाव सांगे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना कोणता आवाज कुणाचा हे कळायला हवे होते.

सिती मुंबईत आली तोवर विजेवर चालणारा मायक्रोफोन आला होता. भोंग्यात तोंड घालून ओरडायची गरज राहिली नव्हती. तरी वेळेचे बंधन तेच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. न्गांबोत जे गाणे रात्रभर वाढत जायचे, प्रत्येक कडव्याला नवा माणूस काहीतरी जोडायचा, ते इथे तीन मिनिटांत आटोपायचे. आपल्या बैठकीच्या गायकांनाही हाच त्रास झाला. तासाभराचा राग तीन मिनिटांत कसा मांडावा यावर त्या पिढीतल्या अनेकांनी डोके खाजवले. सुंदराबाई जाधवांसारख्या गायिकांना मात्र ते साधले. लावणी असो की गझल, त्यांच्या गळ्याला तीन मिनिटे पुरत. सितीलाही साधले असावे. तिच्या जुन्या तबकड्यांवरून पुन्हा काढलेली जी मुद्रणे ऐकायला मिळाली त्यांत घाई ऐकू येत नाही. आवाज उंच, किंचित नाकातला, आणि शब्द स्वच्छ.

तो मार्च महिना मला फार विचार करायला लावतो. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरणगावात पत्रके वाटली जात होती, सभा भरत होत्या. त्याच सुमारास झांझिबारात न्गांबोचे रहिवासी घराखालच्या जागेचे भाडे द्यायला नकार देत होते. १९२८ चा हा भाडेबंदीचा लढा फेअर यांनी सविस्तर मांडला आहे. जागेचे मालक अरब आणि भारतीय. म्हणजे सितीचे शेजारी ज्यांच्याशी भांडत होते त्यांच्यात आपले लोकही होते. परदेशातल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या धडाडीचे आपण कौतुक करतो. हे पानही त्याच वहीतले आहे.

तबकड्या झांझिबारला पोचल्या आणि खपल्या. १९३१ पर्यंत तिच्या ७२,००० तबकड्या विकल्या गेल्याचा आकडा संशोधक देतात. फोनो विकत घेण्याची ऐपत थोड्यांची, पण चहा-कॉफीच्या दुकानांत तो वाजे आणि रस्त्यावर लोक उभे राहून ऐकत. केनियाच्या किनाऱ्यापर्यंत तिचे गाणे गेले. तिचा खप पाहून कोलंबिया कंपनी ध्वनिमुद्रणाची सोय घेऊन थेट झांझिबारात आली. मग मुंबईची फेरी करायचे कारण उरले नाही.

इथे लाखेबद्दल थोडेसे. या तबकड्या बनत त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. प्लॅस्टिक येईपर्यंत जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातून जात असे. हा किडा पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढतो. आमच्या जिल्ह्यात पळस कुठे नाही? लाखेचा मोठा व्यापार पूर्वेकडच्या जंगलांतून होई, पण फाल्गुनात घाटंजी-पांढरकवड्याच्या रस्त्याने जाताना पेटलेला पळस दिसला की मला हटकून फोनो आठवतो. असो.

सितीच्या गाण्यांपैकी एका गाण्यापाशी मी वर्षानुवर्षे अडकून आहे. त्याचे नाव ‘किजिती’. बी किदुदेही ते गायची. गाण्यामागची घटना फेअर यांनी तपशीलवार सांगितली आहे. दार-ए-सलामहून एक गर्भवती स्त्री झांझिबारला मैत्रिणींकडे आली. रात्रीच्या एका मेळाव्याला त्या तिला घेऊन गेल्या. सोबत दारू होती. किजिती नावाच्या माणसाने त्या पाहुणीवर अत्याचार केला आणि तिला मारून टाकले. मग तो मुख्य भूमीवर पळून गेला. वसाहतीच्या न्यायालयासमोर उभ्या राहिल्या त्या त्या दोन मैत्रिणी. त्यांनी साक्ष दिली. शिक्षाही त्यांनाच झाली, दारू नेल्याबद्दल. खुनी मोकळाच राहिला.

न्यायालयाच्या दप्तरात हा खटला बंद झाला. गाण्यात तो उघडा राहिला. त्यात त्या माणसाचे नाव आहे, घडलेला प्रकार आहे, आणि बायकांना सावध करणेही आहे. रात्री न्गांबोत गायले जाणारे असे गाणे एरवी त्या पिढीबरोबर संपले असते. सितीने गायलेले हे गाणे तबकडीवर आले आणि किजितीचे नाव शंभर वर्षे टिकले. त्या बाईला न्यायालयाने जे दिले नाही ते लाखेच्या एका चकतीने थोडेफार दिले, असे मला वाटते. फेअर यांचे म्हणणे असे की न्गांबोतल्या लोकांनी या गाण्यांतून वसाहतीच्या न्यायावर स्वतःचा निकाल नोंदवला. मला ते पटते. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती माझ्याच जिल्ह्यातल्या एका ओट्यावरून दिसली.

तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या गोऱ्या तंत्रज्ञाला स्वाहिलीचा एक शब्दही कळत नसावा, असा माझा तर्क आहे. तो आवाजाची पातळी पाहत होता, मेण नीट कापले जाते की नाही ते पाहत होता. गाण्यात कुणाचे नाव आले, कुठल्या न्यायाधीशावर ठपका आला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याला फक्त खपाशी मतलब. म्हणून गाणे जसेच्या तसे उतरले. ज्याला भाषा कळली असती त्याने कदाचित हात वर केला असता.

मी हात वर केला होता.

गोष्ट १९९४ ची. तेव्हा मी पंचविशीत होतो. एक जपानी टेपरेकॉर्डर आणि सेकंडहँड कॅसेटचा डबा घेऊन मी घाटंजी, आर्णी, दारव्हा या तालुक्यांत दळणाच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, बंजारा तांड्यांवरची तिजेची गाणी टेप करत फिरायचो. कुणी सांगितले नव्हते, कुणाचे पैसे नव्हते. जाती तोवर घरोघर थांबली होती, चक्कीवर दळण जात होते. बायकांना ओव्या मात्र पाठ होत्या. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात सत्तरीची एक आजी होती. तिचा गळा असा की मी दोन दिवस तिथेच राहिलो. पहिल्या दिवशी पंढरी, भाऊराया, सासर-माहेर. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “बापू, आता माह्याच जोडलेल्या म्हनतो, आयक.”

त्या ओव्या विहिरीत सापडलेल्या एका सुनेवरच्या होत्या. सून गावातलीच. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पाय घसरून पडली असे कागदावर लिहिले गेले होते. आजीच्या ओव्यांत सासऱ्याचे नाव होते, दिराचे नाव होते, विहीर कुणाच्या वावरातली ते होते, आणि त्या दिवशी घरात काय चालले होते तेही होते. सगळे त्या जुन्या, शांत दळणाच्या चालीत. ओट्यावर बसलेल्या बाया एकदम गप्प झाल्या. मग घरातला एक जाणता माणूस बाहेर आला आणि मला म्हणाला, “भाऊ, हे राहू द्या. तुमी उद्या यवतमाळले निघून जासान. आमाले याच विहिरीचं पानी प्यायचं हाय.”

मी बटण दाबले. टेप थांबली. आजीने माझ्याकडे पाहिले, मग त्या माणसाकडे, आणि गाणे थांबवले नाही. उरलेल्या ओव्या तिने पूर्ण म्हटल्या. मी ऐकल्या, टेप केल्या नाहीत. त्या घराण्यातली माणसे तेव्हा हयात होती, गावात वजन राखून होती, आणि मी घाबरलो, हे आज लिहिताना आडपडदा नको. ते गृहस्थही चुकीचे बोलत होते असे मी म्हणणार नाही. त्यांना खरेच तिथे राहायचे होते.

पण त्यानंतर मी स्वतःला जे सांगत आलो ते काही खरे नाही. मी म्हणायचो की मी लोकगीते जमवतो, तंटे नाही. पारंपरिक ते जपायचे, ताजे ते बाजूला ठेवायचे. आपल्या लोकसाहित्याच्या संग्रहांतही पुष्कळदा हीच चाळण लागलेली दिसते. भाऊराया, पंढरीनाथ, माहेरची वाट, हे सारे भरपूर. एखाद्या जिवंत माणसाचे नाव घेऊन केलेली तक्रार क्वचित. आपण समजतो की बायकांनी तशी गाणी कमी रचली. मला आता वाटते, ती रचली गेली, पण ऐकायला बसलेला माणूस भाषा जाणणारा होता, गावचा होता, आणि त्याने यंत्र बंद केले किंवा वही मिटली. गाय प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या कामाची ताकद मला यात वाटते की तिथे बायकांच्या स्वतःच्या दुःखाला, मारहाणीला, जातीच्या अपमानालाही जागा मिळाली. माझ्या डब्यातल्या ओव्यांत ती जागा कमी आहे, आणि त्याला कारण मी आहे.

वऱ्हाडची गाणी तबकडीवर कधीच आली नाहीत असे नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर आली आणि घराघरांत पोचली. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने गावोगाव ऐकली जात. पण बाईने स्वतः रचलेले, नाव घेणारे गाणे या भागातून तबकडीवर गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. झांझिबारात एका मडकेवालीला ती संधी मिळाली. ती मिळाली ती कंपनीच्या न्यायबुद्धीमुळे नव्हे; किनाऱ्यावरच्या दुकानदारांना माल हवा होता म्हणून. हे मला एकाच वेळी दिलासा देणारे आणि खटकणारे वाटते.

सितीचे पुढचे आयुष्य थोडक्यात. ती उतारवयापर्यंत गात राहिली. अखेरच्या दिवसांत स्वाहिलीचे मोठे लेखक शाबान रॉबर्ट तिला भेटले आणि तिच्याकडून ऐकून त्यांनी तिचे चरित्र लिहिले. एका गुलाम कुटुंबातल्या गायिकेचे हे चरित्र पुढे टांझानियात शाळेतही वाचले गेले. ८ जुलै १९५० रोजी ती वारली. १९८८ मध्ये टांझानियातल्या महिला पत्रकारांच्या संघटनेने मासिक काढले, तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘सौती या सिती’, म्हणजे ‘सितीचा आवाज’.

तिच्या काही मुद्रणांच्या सुरुवातीला सुईची खरखर इतकी आहे की पहिला शब्द कळत नाही. माझ्याही त्या कॅसेटवर अशीच एक जागा आहे. आजी ‘माह्या जोडलेल्या’ म्हणते, दीड ओवी होते, मग खट्ट असा आवाज आणि लगेच भुलाबाईचे गाणे. कारण संध्याकाळी मी तीच कॅसेट पुढे वापरली.

बी किदुदे गेली त्या वर्षी मी त्या गावी परत गेलो. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. ओव्यांतल्या घराण्यातलेही आता कुणी गावात राहत नाही, वावर विकले गेले आहे, विहिरीवर मोटर बसली आहे. आजीच्या नातसुनेला मी त्या ओव्यांबद्दल विचारले. ती आधी हसली, मग म्हणाली, “बुढीच्या? येतात की थोड्या.” भाकरी थापता थापता तिने चार ओव्या म्हटल्या. चाल तीच होती. सासऱ्याच्या नावाच्या जागी ती ‘अमका’ म्हणाली, दिराच्या जागी ‘फलाना’. विहिरीचे मात्र खरे नाव घेतले. मी मोबाइल काढून टेप करू का असे विचारले. ती म्हणाली, “करा की भाऊजी, पण पुढच्या मले येत नाहीत.” पुढच्या मला थोड्या आठवत होत्या. तिथेच ओट्यावर बसून मी त्या तिला सांगितल्या, जशा आठवल्या तशा, नावांसकट.